गळके आतडे आणि पित्तधरा कला

आमच्या चिकित्सालयात येणारे अनेक रुग्ण अलीकडे निदान स्वतःबरोबरच घेऊन येतात. पूर्वी ते 'गॅसेस', 'आम्लपित्त' किंवा 'जुनी आव' असे असे. आता त्यांत 'लीकी गट', म्हणजे गळके आतडे, या शब्दाची भर पडली आहे. मध्यंतरी पस्तिशीच्या एक भगिनी खासगी प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन आल्या. त्यात 'झोन्युलिन' नावाच्या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले दाखविले होते. सोबत पूरक आहाराच्या चूर्णाचे डबे आणि वर्ज्य पदार्थांची दोन पानी यादी होती. त्यांचा प्रश्न साधा होता : "डॉक्टर, यालाच आपल्यात आम म्हणतात ना?"

वैद्यबंधूंपैकी अनेकांनी यास 'होय' म्हटले असते. आम्हीही काही वर्षे तसेच म्हणत होतो. परंतु हे उत्तर शास्त्रदृष्ट्या अपुरे आहे, आणि कधी कधी रुग्णाच्या हिताआड येते. ते कसे, हे येथे मांडीत आहोत.

अस्तर व त्याचे सांधे

लघ्वांत्राचे आतील आवरण पेशींच्या एकाच थराचे असते. महास्रोतसाचे अंतःक्षेत्र टेनिसच्या मैदानाएवढे असल्याचे पुष्कळ पुस्तकांत आजही छापले जाते. २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांनी केलेल्या फेरमोजणीत ते सुमारे ३० ते ४० चौरस मीटर भरले. तरीही एका पेशीच्या जाडीचे एवढे आवरण बाहेरचे जग आणि आपले रक्त यांच्यामध्ये उभे आहे, आणि ते दर तीन ते पाच दिवसांनी नव्याने घडते, ही गोष्ट थोडी नव्हे.

शेजारशेजारच्या पेशींना जोडणाऱ्या सांध्यांना 'टाइट जंक्शन' म्हणतात. त्यांतील ऑक्लुडिन हे प्रथिन १९९३ मध्ये आणि क्लॉडिन १९९८ मध्ये जपानच्या शोइचिरो त्सुकिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. हे सांधे गावाच्या वेशीप्रमाणे गरजेनुसार उघडतात व मिटतात. पाणी, क्षार व काही सूक्ष्म कण त्यांतून जाणे हे प्राकृत कर्मच आहे. म्हणून 'आतडे गळते' या शब्दप्रयोगाने रुग्णाच्या डोळ्यांपुढे भोक पडलेल्या पाइपाचे जे चित्र उभे राहते, ते दिशाभूल करणारे आहे. प्रश्न असतो तो पारगम्यता किती वाढली, कशामुळे वाढली आणि त्यातून पुढे काय घडले, हा.

पारगम्यता मोजता येते. लॅक्टुलोज व मॅनिटॉल या दोन शर्करा पाण्यातून देऊन पुढील काही तासांचे मूत्र जमा करतात. मॅनिटॉलचा रेणू लहान असल्याने तो सहज शोषला जातो. लॅक्टुलोजचा मोठा असल्याने तो निरोगी अस्तरातून फारच थोडा जातो. दोहोंच्या गुणोत्तरावरून अंदाज बांधतात. ही चाचणी संशोधनात रूढ आहे. दैनंदिन चिकित्सेत तिचे प्रमाणित स्थान नाही.

झोन्युलिनची कथा अधिक बोधक आहे. २००० साली अमेरिकेतील अलेसिओ फसानो यांच्या गटाने हे प्रथिन सांधे सैल करते असे प्रसिद्ध केले, आणि २००९ मध्ये ते हॅप्टोग्लोबिन-२ चे पूर्वरूप असल्याचे सांगितले. पुढे त्याची तयार चाचणी-संचे बाजारात आली. २०१८ मध्ये मात्र असे दाखविण्यात आले, की सर्वत्र वापरला जाणारा एक संच हे पूर्वरूप ओळखीतच नाही. तो दुसऱ्याच प्रथिनांना चिकटतो. आमच्याकडे आलेल्या भगिनींच्या अहवालावर कोणता संच वापरला याचा उल्लेख नव्हता. अशा आकड्यावर महिनोन्‌महिने पथ्य लादणे आम्हांस मान्य नाही.

सिद्ध काय, असिद्ध काय

पारगम्यता निःसंशय वाढते अशा अवस्था पुष्कळ आहेत : सीलिअॅक व्याधी, क्रोन्स व्याधी, आंत्रसंसर्ग, अतिमद्यपान, मोठे दाह-व्रण, कर्करोगावरील काही औषधे, आणि उष्म्यात केलेला अतिव्यायाम. वेदनाशामक गोळ्यांचे (डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या वर्गाच्या) नाव आम्ही मुद्दाम वेगळे घेतो. आमवात व संधिवाताचे रुग्ण वर्षानुवर्षे त्या घेतात, त्यांचे आतडे बिघडते, मग तेच रुग्ण आमपाचनासाठी आपल्याकडे येतात; आणि आपण पाचन देत असता गोळी मात्र चालूच राहते. कोणत्या गोळ्या चालू आहेत हे नावानिशी विचारल्याशिवाय अशा रुग्णास औषध देऊ नये. चूर्णाच्या पुडीत कोणी वेदनाशामक वा स्टिरॉइड मिसळून देत असल्यास ती पुडी देणारा 'वैद्य' हाच हेतू ठरतो, हेही येथे लिहून ठेवतो.

आपल्या देशाशी निगडित आणखी एक प्रकार आहे. १९६०च्या दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात निरोगी व्यक्तींच्या लघ्वांत्राचे तुकडे तपासले असता त्यांतील अंकुर पाश्चात्त्यांच्या तुलनेत आखूड व रुंद आढळले. अस्वच्छ पाणी व वारंवार होणारा जंतुसंपर्क यांच्याशी या बदलाचा संबंध जोडला जातो, आणि बालकांची वाढ खुंटण्याशीही. गळक्या आतड्याची चर्चा महानगरांतील महाग चूर्णांभोवती फिरते. या बालकांचा उल्लेख तीत क्वचितच येतो.

कारण-कार्याचा प्रश्न याहून कठीण आहे. पारगम्यता वाढल्याने व्याधी होतो, की व्याधीमुळे ती वाढते? क्रोन्स व्याधीच्या बाबतीत कॅनडातून चालविलेल्या एका दीर्घ अभ्यासाने २०२० मध्ये दाखविले, की रुग्णांच्या निरोगी सख्ख्या नातलगांपैकी ज्यांची पारगम्यता आधी वाढलेली होती, त्यांच्यात पुढे हा व्याधी अधिक आढळला. हा महत्त्वाचा पुरावा आहे. परंतु थकवा, त्वग्विकार, थायरॉइडचे विकार, शिरःशूल, मनोविकार या सर्वांचे मूळ गळक्या आतड्यात आहे, हे सिद्ध झालेले नाही. मधुमेह व मेदयुक्त यकृत यांत संबंध दिसतो, पण आधी काय व नंतर काय याचा निर्णय झालेला नाही. सांधे घट्ट करणारे लॅराझोटाइड हे औषध सीलिअॅक रुग्णांवर तपासले जात होते. तिसऱ्या टप्प्यातील ती चाचणी अपेक्षित फल दिसत नसल्याने २०२२ मध्ये थांबविण्यात आली.

आम नव्हे, कलेची मर्यादा

आता आपल्या शास्त्राकडे वळू. आम हा मंदाग्नीमुळे अपक्व राहिलेला रस होय. ते द्रव्य आहे. पारगम्यता हा आवरणाचा गुण आहे. द्रव्य आणि आवरण यांना एकच नाव देणे तर्काला धरून नाही. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात सात कला सांगताना कला म्हणजे धातू व आशय यांच्यामधील मर्यादा अशी व्याख्या केली, त्यांतील सहावी पित्तधरा. आणि उत्तरतंत्रात हीच कला म्हणजे ग्रहणी असे सांगितले. आधुनिक अर्थाच्या अस्तराशी तुलना करावयाचीच असेल, तर ती येथे करावी. मर्यादा शिथिल झाली, असे म्हणणे या शब्दाच्या प्रकृतीला धरून होईल.

चरकाचार्यांचा सूत्रस्थानातील अठ्ठाविसावा अध्यायही या संदर्भात पुन्हा वाचावा. दोष कोष्ठातून शाखांत जाण्याची कारणे तेथे दिली आहेत : व्यायाम, उष्म्याची तीक्ष्णता, अहितसेवन, वायूची द्रुतगती. उन्हात दीर्घ अंतर धावणाऱ्यांच्या आतड्याविषयीचे आजचे निष्कर्ष वाचताना हे वचन आठवल्यावाचून राहत नाही. तरीही ऋषींनी 'टाइट जंक्शन' पाहिले होते असा दावा आम्ही करणार नाही. साम्य निरीक्षणाचे आहे, यंत्रणेचे नाही. ही रेषा ओलांडली की आधुनिक चिकित्सक हसतात, आणि त्यांचे हसणे अयोग्य नसते.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी चोविशीचा एक तरुण द्रवमल, आध्मान व कृशता घेऊन आला. आम्ही ग्रहणीदोष ठरवून गहू पूर्ण बंद केला, तक्र व दीपन-पाचन दिले. दोन महिन्यांत मल बांधला, रुग्णही आनंदला. पांडुता मात्र हटेना. अखेर त्यास शहरातील आंत्ररोगतज्ज्ञांकडे पाठविले. त्यांना सीलिअॅकचा संशय आला. पण गहू बंद असल्याने रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी निर्णायक येईना. परिणामी त्या मुलास सहा आठवडे पुन्हा पोळी खावी लागली, आणि ते सहा आठवडे त्याने कसे काढले ते त्याच्या आईने आम्हांस ऐकविले. मग निदान झाले. त्याची चिकित्सा आजन्म गहू, जव व तत्सम धान्ये वर्ज्य करणे हीच. म्हणजे आमचे पथ्य बरोबर होते, क्रम चुकला होता. 'थोडी पोळी चालेल' असे आम्ही तिसऱ्या महिन्यात सांगितले असते, आणि ते सांगण्याच्या बेतात होतो.

तेव्हापासून नियम असा ठेवला आहे : दीर्घकाल द्रवमल, पांडुता वा कृशता असल्यास गहू बंद करण्यापूर्वी टिश्यू ट्रान्सग्लूटामिनेज ही रक्तचाचणी करून घ्यावी. संध्याकाळचा ज्वर व वजन घटणे असेल तर आंत्रक्षयाचा विचार आधी करावा. आपल्या देशात तो विसरणे परवडत नाही. मलातून रक्त, रात्री झोपेतून उठविणारा अतिसार, पन्नाशीनंतर नव्याने उद्भवलेली मलप्रवृत्तीची तक्रार, यांत 'ग्रहणी' शब्द उच्चारण्यापूर्वी तज्ज्ञांकडे पाठवावे.

हे सर्व वगळून जो रुग्ण उरतो, त्याच्यासाठी आपले भांडार समृद्ध आहे. लघु आहार, मंड-पेयादि क्रम, ताजे तक्र (चरकाचार्यांनी ग्रहणीचिकित्सेत त्यास दीपन, ग्राही व लघु म्हणून गौरविले आहे), मुस्ता, बिल्व, शुंठी, कुटज. मद्य व अनावश्यक वेदनाशामके बंद. यातून रुग्णास आराम पडतो हा अनुभव आहे. त्याची पारगम्यता घटली असे मात्र मोजल्याशिवाय आम्ही म्हणत नाही.

औषधालयांच्या मालकांस दोन शब्द. पंचामृत पर्पटी मागायला येणारा ग्राहक बहुधा कोणाच्या तरी सांगण्यावरून येतो. तीत पारद, गंधक, लोह, अभ्रक व ताम्र आहेत. पारदयुक्त कल्प वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावेत अशी सूचना वेष्टनावर कायद्याने आवश्यक आहे. चिठ्ठीवाचून ती देऊ नये. 'आतडे दुरुस्त करणारे' म्हणून येणाऱ्या डब्यांवरील घटकांची यादी एकदा काउंटरवर उभ्या उभ्या वाचून पाहावी, आणि ग्राहकाला विचारावे : किती दिवसांपासून, वजन घटले का, आणि सांधेदुखीची कोणती गोळी चालू आहे.

त्या भगिनींस आम्ही हेच विचारले. मानदुखीसाठी आठ महिने रोज एक गोळी चालू होती. दुहेरी यादी बाजूला ठेवून प्रथम त्या गोळीविषयी त्यांच्या अस्थिरोगतज्ज्ञांशी बोललो.