क्लबचा गडी, देशाचा गडी

फुटबॉलची मोठी मॅच झाली की दुसऱ्या दिवशी ऑफिसात, ट्रेनमध्ये आणि आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवड्यांच्या रांगेतसुद्धा एक वाक्य हमखास ऐकू येतं: "देशासाठी बघा कसा जीव तोडून खेळतो! क्लबकडून मात्र नुसता पगार घेतो." पॉल पोग्बा २०१६ ते २०२२ मँचेस्टर युनायटेडमध्ये होता, तेव्हा त्याच्याबद्दल हे किती वेळा बोललं गेलं याची गणती नाही.

माझं म्हणणं असं, की हा निष्ठेचा प्रश्न क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो सरावाच्या दिवसांचा असतो. पेशाने इंजिनिअर असल्यामुळे माणसाच्या मनात शिरण्याआधी यंत्र कसं जोडलंय ते बघायची मला सवय आहे. मिडफिल्डरच्या बाबतीत ती फार उपयोगी पडते.

आपल्याला कबड्डी ठाऊक आहे. चढाई करणारा आत आला की साखळी एकदम हलावी लागते. एकाच गड्याने घाईने झेप घेतली आणि बाकीचे दोन पावलं मागे राहिले, तर चढाई करणारा गुण घेऊन मध्यरेषेपलीकडे पोचलाच म्हणून समजा. फुटबॉलमधलं प्रेसिंग हेच आहे. चेंडू असलेल्या माणसावर मिडफिल्डर धावून गेला की त्याची स्वतःची जागा रिकामी होते. मग शेजारच्याने आत सरकायचं, मागच्याने पुढे यायचं, फॉरवर्डने पासची वाट अडवायची. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. एकाने उशीर केला की एका पासमध्ये तीन-चार माणसं बाद!

ही सवय अंगात मुरायला रोजचा सराव लागतो. क्लबकडे ऑगस्टपासून मेपर्यंतचा मोसम असतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला खेळाडू मिळतात ते वर्षातून चार-पाच वेळा, एकेका वेळी आठ-दहा दिवस, आणि त्यातही दोन सामने आणि प्रवास आलाच. त्यामुळे शहाणा राष्ट्रीय प्रशिक्षक मिडफिल्डरला सोपं काम देतो: जागा सोडू नकोस. जागा राखणं थोड्या दिवसांत शिकवता येतं, एकत्र धावून जाणं येत नाही.

फ्रान्सचे दिदिए देशाँ यांनी २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये नेमकं हेच केलं. एनगोलो कान्ते आणि पोग्बा डिफेन्सच्या पुढे, आणि डाव्या बाजूला ब्लेझ मात्युदी, जो मुळात मधलाच खेळाडू, म्हणजे गरज पडली की आत सरकणारा. बेल्जियमविरुद्ध सेमीफायनलमध्ये चेंडू जास्त वेळ बेल्जियमच्याच पायात होता. फ्रान्स शांतपणे आपापल्या जागी उभा राहिला आणि १-० जिंकला. मँचेस्टरमध्ये पोग्बाची जागा आणि जबाबदारी वारंवार बदलत असे. इथे त्याला एकच ठरलेलं काम होतं आणि ते त्याने चोख केलं. माणूस तोच, जोडणी वेगळी.

कान्तेचंही बघा. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटीने लीग जिंकली तेव्हा सर्वांत जास्त टॅकल त्याचे होते, १७५. पण लेस्टर मागे थांबून, चार-चारच्या दोन रांगा करून खेळायचा. त्या रांगांच्या भरवशावर तो चेंडूवर झडप घालू शकत असे. २०१८ मध्ये वर्ल्ड कप जिंकून तो चेल्सीत परतला, तर नवे प्रशिक्षक मौरिझिओ सारी यांनी मधली जागा जॉर्जिन्योला दिली आणि कान्तेला उजवीकडे, पुढे पाठवलं. लोक म्हणाले, "हा वर्ल्ड कपवाला कान्ते नाही." अहो, ती जागाच वर्ल्ड कपवाली नव्हती!

पुढे जानेवारी २०२१ मध्ये थॉमस टुखेल आले. त्यांनी त्याला पुन्हा मध्यभागी, जोडीने खेळवलं. मागे तीन डिफेंडर असल्यामुळे त्याला पुढे धावायची मुभा होती. चार महिन्यांनी, २९ मे रोजी, चेल्सीने मँचेस्टर सिटीला १-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि सामन्याचा मानकरी कान्ते ठरला. बरोबर तीस दिवसांनी, युरो स्पर्धेत, फ्रान्सने स्वित्झर्लंडविरुद्ध मागे तीन डिफेंडर ठेवून सुरुवात केली. ही रचना त्या संघाच्या अंगवळणी नव्हती. मध्यंतरालाच ती मोडावी लागली. ३-१ अशी आघाडी घेऊनही शेवटी ३-३ आणि पेनल्टींवर हार. मैदानावर तोच कान्ते होता, तोच पोग्बा होता.

"मग काही देश सुंदर प्रेसिंग करतात ते कसं?" असं तुम्ही विचाराल. २०१० ची स्पेनची फायनलची टीम काढून बघा: अकरापैकी सहा जण त्या मोसमात बार्सिलोनाकडून खेळलेले. क्लबची सवय देशाने उसनी घेतली, एवढंच.

हे सगळं सांगायचं कारण फक्त फुटबॉल नाही. १९९० मध्ये नॉर्मन टेबिट यांनी इथल्या स्थलांतरितांची निष्ठा क्रिकेटमध्ये कोणाला टाळ्या वाजवता यावरून मोजायचा विचार मांडला, तो आपल्यापैकी अनेकांना बोचला होता. पोग्बा गिनीहून आलेल्या आईबापांचा मुलगा, कान्ते मालीहून आलेल्यांचा. अशा मुलांची निष्ठा तर लोक आधी तपासतात, खेळ नंतर बघतात. निदान आपण तरी तसं करू नये.

तर मंडळी, पुढच्या मॅचला एक प्रयोग करा. पाच मिनिटं चेंडू बघू नका. फक्त एक मिडफिल्डर बघा. तो धावून गेला की त्याची जागा कोण भरतं ते बघा. कोणीच भरत नसेल, तर दोष धावणाऱ्याचा की जोडणीचा, हे मुलांबरोबर बसून ठरवा. वाद रंगेल, आणि तो निष्ठेपेक्षा खेळाबद्दल असेल.