चिरडलेला चेहरा, अस्सल नाणं

जुन्नरच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा शिलालेख आहे. त्यातलं वर्ष 46. याच नहपानाचं चांदीचं नाणं करंगळीच्या नखाहून थोडंसं मोठं असतं. एका बाजूला राजाचं मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठी लेख.

1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे अशी तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप मारलेली होती. नवख्या संग्राहकाला असं नाणं खराब वाटतं आणि तो गुळगुळीत, देखणं नाणं उचलतो. तिथेच तो फसतो.

जुनं नाणं दोन ठशांमध्ये ठोकून पाडलेलं असतं. घाव बसला की धातू बाहेरच्या बाजूला सरकतो, कडा कधीकधी तडकते. छाप दुसऱ्यांदा बसली की नहपानाच्या गालावर सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर उमटतो आणि त्याखाली जुनी अक्षरं दबून चपटी झालेली दिसतात. अस्सल नाण्यावरून साचा काढून ओतलेल्या नकलेत हे सगळं येतं, पण मऊ होऊन. भिंगाखाली अक्षरांच्या कडा बोथट दिसतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात आणि कडेवर साच्याच्या जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा. दोन नाण्यांची कड, तडा आणि ओरखडे तंतोतंत जुळले, तर दोन्ही एकाच साच्यातली समजावीत.

सोन्याच्या बाबतीत पाणीच साक्ष देतं. दक्षिण भारतात सापडणारं सॉलिडस हे बायझंटाइन साम्राज्याचं सोन्याचं नाणं साडेचार ग्रॅमच्या आसपास भरतं. ते दोऱ्याने पाण्यात टांगून तोललं, तर वजन जेमतेम पाव ग्रॅमने घटतं. सोन्याचा मुलामा दिलेलं तेवढ्याच वजनाचं पितळ अर्ध्या ग्रॅमहून अधिक घटतं. सोनाराच्या काट्यावर हा फरक लगेच कळतो. मात्र या सॉलिडसच्या सोन्यातल्या नकला भारतात त्या काळीही होत. मस्तकाच्या वर दोन भोकं पाडून ती नाणी अंगावर घालत. त्या नकला आज स्वतःच पुरावशेष आहेत. त्यांना बनावट म्हणून टाकून देणं मोठी चूक ठरेल.

जुन्नर-आंबेगावच्या शेतात नांगराला जुनं नाणं लागलं, तर चिंचेने घासू नका. त्यावर बसलेला मातीचा आणि गंजाचा थर हा त्याच्या वयाचा महत्त्वाचा पुरावा असतो. जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.