किनारा ओलांडल्यावर

सप्टेंबर १९४३च्या अखेरीस आठवी भारतीय डिव्हिजन इटलीच्या टाचेवर, टारांटो बंदरात उतरू लागली. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, तिच्यातच होती. बंदर दोन आठवड्यांपूर्वीच दोस्तांच्या हाती आलं होतं. ८ सप्टेंबरला इटलीची शस्त्रसंधी जाहीर झाली आणि किनारा राखणाऱ्या इटालियन डिव्हिजनांना दोस्तांशी लढायचं कारणच उरलं नाही.

या किनारी डिव्हिजनांत मुख्य भरणा वय झालेल्या राखीव शिपायांचा होता. तोफा जुन्या, वाहनं फारच थोडी. सिसिलीत २०६व्या डिव्हिजनकडे शंभर किलोमीटरहून लांब किनारा होता. जुलै १९४३मध्ये ब्रिटिशांची आठवी आर्मी तिथेच उतरली आणि ती फळी लगेच मोडली. या शिपायांची भेकड म्हणून संभावना करणं मला अन्यायाचं वाटतं. १९४१च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर याच इटालियन सैन्याने भारतीय पलटणींना दीड महिन्याहून अधिक काळ थोपवून धरलं होतं. तिसऱ्या मराठा बटालियनने तिथे पिनॅकल नावाचं शिखर घेतलं ते रक्त सांडूनच. तेव्हाचा शत्रू आता मित्र झाला होता: किनारी डिव्हिजनांपैकी २१०वी पुढे दोस्तांच्या सैन्यामागे मदतीची कामं करू लागली.

खरी लढाई किनारा ओलांडल्यावर सुरू झाली. जर्मनांनी प्रत्येक नदी आणि प्रत्येक डोंगररांग तटबंदीसारखी वापरली. एड्रियाटिकच्या बाजूने वर सरकताना त्रिन्यो, सांग्रो, मोरो अशा नद्या एकामागून एक आडव्या आल्या, तेही पावसाळी हिवाळ्यात. मोरोवर सॅपर्सना, म्हणजे लष्करी अभियंत्यांना, आपल्या काठावर पूल जुळवायला जागाच मिळेना, म्हणून त्यांनी तो शत्रूच्या काठावरून उलटा बांधत आणला. त्याला ‘अशक्य पूल’ हेच नाव पडलं.

१९४४मध्ये दहाव्या भारतीय डिव्हिजनबरोबर तिसरी मराठा बटालियनही इटलीत आली. १० जुलैला टायबरच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुटली. घाडगे सोडून सगळे पडले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा बावीस वर्षांचा जवान एकटाच धावून गेला. हातबॉम्बने गन आणि ती चालवणारा गारद केला, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता; बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी घाडगेही पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

९ एप्रिल १९४५ला सेनियो नदीवर जंगी पलटणीचे नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे शिपाई होते. मूळचे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे. पलीकडच्या बांधावर त्यांच्याबरोबरची तुकडी जवळजवळ संपली. त्यांनी आधी दोन जखमींना खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं, आणि मग परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी एकट्याने बंद पाडली. हात जखमी झाला तेव्हा टॉमीगन टाकून हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना नदी पार करायला बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मारण्याआधी त्यांनी माणसं वाचवली, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

इटलीच्या मोहिमेत सुमारे ५० हजार भारतीय लढले, ५,७८२ कामी आले. मराठवाड्याचा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि मराठा पलटणींची भरती मुख्यतः कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातून होई. पण हा इतिहास मराठवाड्याच्या पोरांनाही तितक्याच हक्काने सांगायला हवा. इटलीतल्या मोंतोने गावाने तर २०२३मध्ये घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं.

घाडगे यांची तिसरी बटालियन पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि २ पॅरा (मराठा) झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईलवर विमानांतून उतरली ती हीच पलटण.