माशी नीट दिसली पाहिजे

रेंजवरच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी मला विचारलं, "काका, नेम धरल्यावर सगळ्यात स्पष्ट काय दिसतं?" सर माझ्या मुलापेक्षाही लहान. मी अभिमानानं सांगितलं, "समोरचा काळा गोल. अगदी स्वच्छ." ते म्हणाले, "तिथंच चुकतंय."

निवृत्तीनंतर, 62व्या वर्षी, मी एअर पिस्तूल हातात घेतलं. टार्गेट 10 मीटरवर. दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. या प्रकारात पिस्तुलावर दुर्बीण, लेझर किंवा लाल ठिपका चालत नाही. पुढच्या टोकाला चौकोनी खुंटी असते, ती फ्रंट साइट. जुने शिकारी तिला माशी म्हणत. मागे एक खाच असते, ती रिअर साइट. माशी खाचेत मधोमध बसवायची, दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवायचा, वरच्या कडा एका रेषेत आणायच्या आणि हे सगळं काळ्या गोलाखाली धरायचं.

हात लांब केला की माझ्या डोळ्यापासून खाच साधारण 60 सेंटीमीटरवर येते, माशी 95 वर आणि टार्गेट 10 मीटरवर. या तिन्ही गोष्टी एकदम स्पष्ट बघणं विशीतल्या डोळ्यालाही जमत नाही. पण त्याच्या भिंगाला लवचीकपणा असतो, त्यामुळे ते क्षणात जवळ, क्षणात दूर जुळवून घेतं. वयाबरोबर हे भिंग ताठर होत जातं. आपण वाचायच्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतो, इतकं ते ठरलेलं. साठीत जुळवून घेण्याची ही ताकद जवळपास संपते. मग तीनपैकी कुठलं चित्र स्पष्ट ठेवायचं, ते आपणच ठरवून डोळ्यापुढे तसं भिंग लावावं लागतं.

माशीच का, ते सरांनी फळ्यावर गणित मांडून दाखवलं. माशी आणि खाच यांच्यात 35 सेंटीमीटर अंतर. माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवर छर्रा 28 मिलिमीटर भरकटतो. दहाचा नेम सातात जातो. उलट माशी आणि खाच जुळलेल्या असताना अख्खा हात एक मिलिमीटर बाजूला गेला, तर छर्राही तेवढाच सरकतो. म्हणून काळा गोल धुरकट दिसला तरी चालेल, माशीची कड सुरीसारखी हवी. डोळ्यांना हे पटवायला मला चार महिने लागले. दूरचं स्वच्छ दिसणं म्हणजे चांगली नजर, हे आयुष्यभर मनात बसलेलं असतं.

त्यातच माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. वर दूरचा नंबर, खाली वाचायचा आणि मधल्या अंतरासाठी मधे एक चिंचोळी पट्टी. माशी दिसायची ती त्या पट्टीतूनच. ती पट्टी डोळ्यासमोर यावी म्हणून मी नकळत हनुवटी उचलायचो, मान मागे जायची. तिसाव्या-पस्तिसाव्या छर्ऱ्यानंतर पाय डगमगायला लागायचे. मी समजलो, थकवा. पूर्ण स्पर्धेत 60 छर्रे 75 मिनिटांत मारायचे असतात, आणि तेही उभ्यानं.

एके सकाळी अंथरुणात कुशीवर वळलो आणि खोली गरगर फिरली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मला पलंगावर झपकन आडवं केलं, मान वळवून डोळ्यांची थरथर पाहिली आणि निदान सांगितलं: अंतर्कर्णातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत गेलेत. डोकं ठरावीक क्रमानं वळवत त्यांनी ते कण परत जागेवर नेले. दोन खेपांत गरगरणं थांबलं. मग त्यांनी विचारलं, "मान मागे टाकून काय काय करता?" माळ्यावरचे डबे काढतो हे सांगितलं. थोडं थांबून पिस्तुलाचंही सांगितलं.

त्यांनी समजावलं ते असं. तोल तीन आधारांवर उभा असतो: अंतर्कर्ण, डोळे, आणि तळपाय-घोटे-सांधे यांच्याकडून मेंदूला मिळणारी खबर. वयाबरोबर तिन्ही थोडे थोडे कमजोर होतात. कान कमी पडला की शरीर डोळ्यांवर जास्त भिस्त टाकतं. आणि नेम धरताना आपण नेमका तोच आधार काढून घेतो. एक डोळा मिटतो, दुसरा छोट्याशा खुंटीवर खिळवतो, वर मान तिरकी करतो. मग पाय बिचारे काय करणार? मी नजर आणि तोल ही दोन वेगळी दुखणी धरून चाललो होतो. त्यांची गाठ माझ्या चष्म्यातच होती.

हीच गाठ मग शेजाऱ्यांच्या नेमातही दिसू लागली. आमच्याकडे हौसेनं येणारे एक निवृत्त सुभेदार एअर रायफलवर 40 मिलिमीटरच्या भिंगाची दुर्बीण लावतात. दहापट मोठं करून बघितलं की टार्गेट मोठं दिसतं, पण अंगाचं डोलणं आणि छातीचे ठोकेही दहापट. शिवाय 40 भागिले 10, म्हणजे दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा उजेडाचा झोत चारच मिलिमीटर रुंद. डोकं जरा हललं की चित्राच्या कडेनं काळी सावली शिरते. त्यांनी मोठं करणं चारपटीवर आणलं. झोत 10 मिलिमीटरचा झाला, डोक्याला हलायला जागा मिळाली, टार्गेटवर छर्रे जवळजवळ पडू लागले. दुसऱ्या एका बाईंना लाल ठिपका धूमकेतूसारखा शेपटीचा दिसायचा. साइट बिघडली म्हणून त्या परत करायला निघाल्या होत्या. सरांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ठिपका दाखवला, तर तो गोल गरगरीत. दोष डोळ्याच्या सिलिंडर नंबरचा होता.

माझा उपाय स्वस्तात झाला. नेमबाजीसाठी वेगळा, एकाच नंबरचा चष्मा: दूरच्या नंबरात अधिक 0.75 मिळवलेला. माशी स्पष्ट, गोल धुरकट पण ओळखू येईल असा, आणि मान सरळ. दुसरा डोळा मिटायचा नाही, त्याच्यापुढे दुधी प्लास्टिकची पट्टी लावायची; उजेड आत येतो, चेहरा आखडत नाही. काहींना पट्टीही लागत नाही. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 51 वर्षांचा तुर्की नेमबाज युसुफ डिकेच साधा चष्मा लावून, दोन्ही डोळे उघडे ठेवून उभा राहिला आणि मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्यपदक घेऊन गेला.

तोलासाठी रोज दात घासताना एका पायावर उभा राहतो, दुसऱ्या हातानं बेसिन धरून. रेंजवर दर दहा छर्ऱ्यांनी खुर्चीत बसतो. आणि एक नियम कधी मोडत नाही: जरा जरी भोवळ वाटली तरी नेम सोडून पिस्तूल टेबलावर, नळी टार्गेटकडे. "एवढा एक मारून घेतो" हे तेव्हा म्हणायचं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आणखी एक विचारावं. बीटा-ब्लॉकर गोळ्या हाताचा कंप कमी करतात, म्हणून नेमबाजीच्या स्पर्धांत त्यांवर बंदी आहे. पण स्पर्धेसाठी गोळी परस्पर बंद करू नये. वैद्यकीय सवलतीसाठी रीतसर अर्ज करता येतो.

माझ्या वयाच्या नेमबाजांनी महागडी साइट घेण्याआधी एवढं करावं. नेम धरून उभं राहावं, घरच्या कुणाला तरी डोळ्यापासून माशीपर्यंत सुतळी धरायला सांगावी आणि तिथं गाठ मारावी. ती सुतळी चष्मेवाल्याला द्या आणि सांगा, या अंतरावरचं मान सरळ ठेवून स्पष्ट दिसलं पाहिजे. पिस्तूल घरीच राहू द्या.