एक किलोचा काटा आणि शिक्षेवरचे अपील

२०२३च्या ऑगस्टमध्ये रत्नागिरी आणि रायगडच्या किनाऱ्यावर चरसची बेवारस पाकिटे वाहून येऊ लागली. असे पाकीट मोहापायी घरी नेणे हासुद्धा अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो किती मोठा हे वजनकाटा ठरवतो. चरस १०० ग्रॅमपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण. एक किलोच्या वर गेले की व्यापारी प्रमाण, म्हणजे किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी, शिवाय १ ते २ लाख रुपये दंड. म्हणूनच पंचांसमोर झालेले वजन, नमुन्यावरची लाखेची मोहोर आणि पंचनाम्यातला आकडा वकील बारकाईने तपासतात.

रायगडचे जिल्हा व सत्र न्यायालय अलिबागला आहे. तिथे शिक्षा झाली तर अपील मुंबई उच्च न्यायालयात जाते. गुन्हा सिद्ध झाल्याचे मान्य करून फक्त शिक्षा कमी करा, असेही तिथे मागता येते. मात्र व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात १० वर्षांखाली न्यायालयालाही जाता येत नाही. वाद वरच्या वर्षांचाच होतो. किमानपेक्षा जास्त शिक्षा देताना हत्यार वापरले का, अल्पवयीन मुलांना गुंतवले का, आरोपी संघटित टोळीचा होता का, हे न्यायालय पाहते. जप्त मालाचे प्रमाणही त्यात धरता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले.

या कायद्याच्या कलम ३२अ मुळे कैद्याला शिक्षेत सूट मिळत नाही. अपील चालू असताना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकारही त्याने काढून घेतला होता. महाराष्ट्रातून गेलेल्या ‘दादू ऊर्फ तुलसीदास’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये तेवढा भाग घटनाबाह्य ठरवला, सूट देण्यावरची बंदी मात्र कायम ठेवली. त्यामुळे अपिलात कमी झालेले प्रत्येक वर्ष पूर्ण वर्ष असते, आणि अपिलाचे मोल माझ्या मते यातच आहे.

सर्वांत मोठी झुंज मुंबईतच झाली. चरसच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरल्यावर २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने एकाला फाशी ठोठावली होती. कायद्याने तेव्हा अशा गुन्ह्यात दुसरा पर्यायच ठेवला नव्हता. १६ जून २०११ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती घटनेशी विसंगत ठरवली आणि फाशी द्यायची की नाही हे न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवले. २०१४ मध्ये संसदेने कायद्यातही तशी दुरुस्ती केली.

दंड न भरल्यास वाढणारी कैदही अपिलात कमी होऊ शकते. गरीब कैद्याला हा दिलासा फार मोठा असतो. म्हणून ज्यांचे माणूस आत आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: उच्च न्यायालयात अपिलाची मुदत साधारण ६० दिवसांची असते, अर्ज तुरुंग अधिकाऱ्यामार्फतही देता येतो आणि वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते.