कायदे दोन, गल्लत एक

गर्भपाताचा विषय निघाला की नाशिकच्या सुशिक्षित वर्तुळातही दोन तट पडतात. एकास तो स्त्रीचा हक्क वाटतो, दुसऱ्यास मुलींच्या संहाराचे साधन. हा वाद बव्हंशी दोन कायद्यांच्या गल्लतीतून उद्भवला आहे. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९७१ चा कायदा झाला व गर्भपात काही अटींवर वैध ठरला. २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट स्त्रियांसाठी ही मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढविली. गर्भलिंगचाचणीस मात्र महाराष्ट्राने १९८८ मध्ये, तर केंद्राने १९९४ मध्ये स्वतंत्र कायद्याने मनाई केली.

तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ उरल्या. या घसरणीचे मूळ हुंड्याच्या व वारशाच्या अर्थकारणात आहे. सरसकट संशयाने डॉक्टर कचरू लागले, तर सधन स्त्री मुंबई गाठील. सुरगाणा-पेठची मजूर स्त्री मात्र भाडे व मजुरी गमावून परतेल आणि अखेर एखाद्या भोंदूच्या हाती सापडेल. चाचणी करणाऱ्यास अवश्य शासन व्हावे. परंतु त्याचा दंड या स्त्रीने भरावा, हा न्याय कोणता?