भुतांची थकबाकी

‘दान्दादान’ या जपानी चित्रकथेत एक भूत आहे. लाल पोशाख, लांबसडक केस, ताडमाड उंची. एका शाळकरी मुलीला ते आपली लेक समजतं आणि तिच्या मागे लागतं. हाणामारीची बरीच पानं उलटल्यावर त्या बाईचं पूर्वायुष्य समोर येतं. घरात दुसरं कमावणारं कुणी नाही, डोक्यावर कर्ज, आणि पडेल ते काम करून मुलीची नाचाची हौस पुरवायची. एके दिवशी वसुलीची माणसं घरात घुसतात आणि मुलीला उचलून नेतात. आई जीव देते. लेकीचा शोध मात्र मेल्यावरही थांबत नाही. शेवटी जिचा ती पाठलाग करत होती तीच मुलगी तिला मिठी मारते आणि आई म्हणून निरोप देते.

युकिनोबु तात्सु यांची ही मालिका एप्रिल २०२१पासून ‘शोनेन जंप प्लस’वर प्रसिद्ध होते आहे, ऑक्टोबर २०२४मध्ये तिचं अ‍ॅनिमेशनही आलं. नायिका मोमोचा भुतांवर विश्वास आहे, परग्रहवासीयांवर नाही. तिच्या मित्राचं नेमकं उलट. पैज लागते आणि दोघांनाही दोन्ही भेटतात. भय, विनोद, विज्ञानकथा, कोवळं प्रेम, मारामारी असं सगळं इथे एकत्र नांदतं. नुसत्या भयकथेत भूत पळालं की गोष्ट संपते. इथे भीती ओसरल्यावर हसू येतं, हसता हसता ओळख होते, आणि ओळख झाली की त्या भुतावर झालेला अन्याय दिसू लागतो. या सरमिसळीचं मोल मला त्यात वाटतं.

हे एका लेखकाच्या प्रतिभेने एकाएकी घडलेलं नाही. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ साली जपानी भुताखेतांचा, म्हणजे योकाईंचा, सचित्र संग्रह छापला आणि तोंडी फिरणाऱ्या भुतांना ठरलेले चेहरे मिळू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तत्त्वज्ञ इनोउए एन्र्यो यांनी अंधश्रद्धा घालवण्यासाठी देशभरातल्या समजुती गोळा करून तपासल्या. १९१०मध्ये यानागिता कुनिओ यांनी तोनो परिसरातल्या कथा पुस्तकात आणल्या. मग आले शिगेरु मिझुकी. दुसऱ्या महायुद्धात न्यू ब्रिटन बेटावर त्यांचा डावा हात गेला. उरलेल्या हाताने त्यांनी आयुष्यभर योकाई रेखाटले. त्यांचा भूतबालक कितारो मूळचा रस्त्यावर चित्रं दाखवून गोष्ट सांगणाऱ्या कामिशिबाईतला. १९६०मध्ये तो मिझुकींच्या मांगामध्ये, म्हणजे छापील चित्रकथेत, आला आणि १९६८मध्ये दूरचित्रवाणीवर. भुतं मोडीत काढायला निघालेला, ती टिपून ठेवणारा आणि ती रंगवणारा, अशा तिघांच्या कष्टांवर आजचा तात्सु उभा आहे.

आपल्याकडे यातलं काय नव्हतं? रस्त्यावरच्या चित्रकथेची परंपरा सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांनी आजवर जपली आहे. नोंदीही झाल्या. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन शाळामास्तरांकडून लोकसमजुती लिहून घेत असे. १९०९मध्ये अनंत कान्हेरे यांनी त्याचा वध केला. त्याची टिपणं पुढे एंथोवेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने संपादित केली आणि त्यांतला कोकणाचा भाग १९१५मध्ये आला. आपल्या भुतांची जातकुळी पाहा. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो पिंपळावरचा मुंजा. बाळंतपणात दगावली ती अळवंतीण. बुडून मेला तो पाण्यातला गिऱ्हा. प्रत्येकाचं काहीतरी अर्धवट राहिलेलं आहे. गावाने ज्यांना नीट जगू दिलं नाही किंवा नीट निरोप दिला नाही, त्यांचीच ही यादी आहे.

शिवाय आपल्याकडे वेताळ आहे. उज्जैनच्या विक्रम राजाच्या खांद्यावर बसून तो प्रत्येक गोष्टीअंती न्यायाचा प्रश्न विचारतो. १९५२पासून मराठीत निघालेल्या ‘चांदोबा’ने तो घरोघर पोचवला, चित्रकार शंकर यांनी काढलेला, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम दोन पिढ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. नारायण धारपांनी मराठी भयकथेला मोठा वाचक मिळवून दिला. त्यांच्या कथेतून प्रेरणा घेतलेला ‘तुंबाड’ २०१८मध्ये आला, आणि २०२४च्या ‘मुंज्या’ने कोकणातल्या भुताला भय आणि विनोद एकत्र करून देशभर नेलं. दोन्ही चित्रपट हिंदीत झाले. वर्षानुवर्षं चालणारी, एकेका भुताला सवड देणारी मराठी चित्रमालिका मात्र अजून उभी राहायची आहे.

ती कुठे सुरू व्हावी? माझं उत्तर आहे इंदूरचा परदेशीपुरा. मालवा, हुकुमचंद, कल्याण, राजकुमार या गिरण्यांच्या टापूतली ही कामगारवस्ती. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणी कामगारांच्या झांक्या निघतात: दिव्यांनी उजळलेले देव, राक्षस, हलते हात, उघडमीट करणारे जबडे. या परंपरेला सुमारे शंभर वर्षं झाली. गिरण्या बंद पडल्यावरही वर्गणी आणि मदत गोळा करून कामगारांनी ती सोडली नाही. राक्षस बनवणारे हात इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

आणि इथे एक न फिटलेलं देणंही होतं. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३मध्ये देण्यात आले. हक्कदार होते सुमारे ४,८०० कामगार. बत्तीस वर्षांच्या त्या वाटेत कित्येकजण पैसे पाहण्याआधीच गेले. कर्जापायी लेक गमावलेल्या त्या जपानी आईची गोष्ट परदेशीपुऱ्याला परकी वाटणार नाही. पाळी भरायला येत राहणारा, हजेरीबुकात आपलं नाव शोधणारा एखादा कामगार इथल्या चित्रकाराने रेखाटला, तर मुंज्याच्या कुळातलं ते अगदी आजचं भूत ठरेल.

यात अंधश्रद्धेची भीती बाळगायचं कारण नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या कामाचं आणि महाराष्ट्रातल्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं मोल मी पूर्ण मानतो. भुताच्या नावाने बाईला मारहाण होते, भोंदू पैसे उकळतो, तिथे कायदा हवाच. चित्रातलं भूत कुणाच्या अंगात येत नाही. एन्र्यो आणि मिझुकी एकाच देशाला लागले, तसे आपल्यालाही दोघे लागतील. भूत नसतं, हे मुलांना ठामपणे सांगू या. पण ज्यांच्या नावाने ते रचलं गेलं, ती माणसं होती आणि त्यांचं देणं खरं होतं, हेही त्यांना चित्रांतून, गोष्टींतून, आपल्या भाषेत कळू द्या.